बाजारघराचा निळा नकाशा

१

सत्काराला न्यायला मोटार आली तेव्हा केशोराव रहांगडाले बोदलकसा तलावाच्या काठी, स्वतः बांधलेल्या घराच्या गच्चीखाली, दगडांवर मरून पडले होते.

मोटारीतून पहिला उतरला तो मनिराम बिसेन. बांधकाम खात्यातला ओव्हरसियर, वय एक्कावन्न. हातात झेंडूचा हार होता. तो कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. शेवटी त्याने तो मोटारीच्या बॉनेटवर ठेवला आणि काठ उतरून खाली गेला. केशोराव पालथे होते. अंगात लोकरी बंडी, पाय अनवाणी, काठी हातभर अंतरावर. माघाच्या थंडीत तलावावर धुकं होतं आणि घरातून त्यांच्या लेकीचा, प्रेमिलाबाईंचा, रडण्याचा आवाज येत होता.

या मुलखात केशोरावांचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं? दवनीवाड्याच्या धानाच्या बांधावर वाढलेला पोरगा मुंबईच्या कलाशाळेत गेला आणि १९०६ साली वास्तुविशारद होऊन परतला. पुढची चाळीस वर्षं त्याने कोर्टकचेऱ्या उभ्या केल्या, दोन संस्थानिकांचे वाडे बांधले, एक वाचनालय, सहा मैलांवरून दिसणारं एक घंटाघर. त्यांचे घुमट तर अंड्याच्या कवचासारखे पातळ. लोक बैलगाड्या थांबवून बघत. आज, १९५७ च्या जानेवारीत, गोंदियात त्यांचा सत्कार व्हायचा होता. त्यांच्या एकतीस नकाशांचं प्रदर्शन कालच मांडून झालं होतं.

तिरोड्याहून फौजदार केवलराम टेंभरे सायकलवर आले. त्यांनी वर गच्चीकडे पाहिलं, खाली प्रेताकडे पाहिलं.

"मामला साफ आहे," ते म्हणाले. "आंधळा म्हातारा, गच्चीला कठडा नाही. ओव्हरसियरसाहेब, गच्ची धड होती, माणूस तोल जाऊन पडला, एवढं दोन ओळीत लिहून द्या. पंचनाम्याला जोडतो."

मनिराम एकोणीस पायऱ्या चढून गच्चीवर गेला. तीन बाजूंना कठडा होता, तलावाकडची बाजू मोकळी. डोळा आणि पाणी यांच्या मधे काही नको, असं केशोराव म्हणत. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तेव्हा त्यांनी दारापासून पाण्याच्या दिशेने काथ्याची एक लांब पट्टी अंथरून घेतली होती. दोन्ही टोकांना दगडाचं वजन. रोज पहाटे अनवाणी पायाने ते त्या पट्टीवरून चालत आणि उजाडल्याचं ऊन तोंडावर घेऊन परत येत.

दाराशी, पट्टीच्या अलीकडे, काथ्याचंच एक पायपुसणं होतं. मनिरामने सवयीने टेप काढली आणि पायपुसणं उचललं. खालचा दगड स्वच्छ, तांबूस होता. दोन पावसाळ्यांनी बाकी सगळी गच्ची शेवाळाने काळी पडलेली, आणि इथे अडीच फुटांचा हा तुकडा काल धुतल्यासारखा. तो पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी गेला, दगड बाजूला केला, पट्टी उचलली. तिच्याखाली शेवाळ होतं. काळं, वाळलेलं, अडीच फूट.

पट्टी पाण्याच्या दिशेने अडीच फूट ओढलेली होती. दाराशी पडलेली मोकळी जागा पायपुसण्याने बुजवली होती. आधी पट्टी कडेपासून चार फुटांवर संपत असे. आता दीडच फुटावर संपत होती.

मनिराम टेप गुंडाळत उभा राहिला. केशोराव तोल जाऊन पडले नव्हते. कोणीतरी मापं घेऊन त्यांना पाडलं होतं.

२

"पण दीड फूट तरी उरतच होतं ना?" फौजदारांनी विचारलं. "पट्टी संपली की म्हातारा थांबला असता."

हेच मनिरामलाही कळत नव्हतं. त्याने प्रेमिलाबाईंना विचारलं. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन त्या माहेरी परतल्या, त्याला पंचवीस वर्षं झाली होती. वडिलांचं चरित्र त्याच लिहून घेत होत्या.

"पट्टी संपली की बाबा थांबत," त्या म्हणाल्या. "मी शंभरदा बजावलं होतं. आणि हे पायपुसणं वरचं नाही. खाली नकाशांच्या खोलीच्या दाराशी असतं ते."

टेबलावर चरित्राची वही होती. मनिरामने पानं चाळली. १९२६ मध्ये घंटाघर पुरं झालं होतं. पुढचं पान १९२८ चं.

"सत्तावीस साल?"

"त्या सालाबद्दल बाबा बोलत नसत." त्यांनी वही मिटली. "तुम्हाला तर माहीत आहे, भाऊ."

मनिरामला माहीत होतं. गोंदियाच्या गंजात, धान्याच्या बाजारपेठेत, केशोरावांनी बाजारघर बांधायला घेतलं होतं. काँक्रीटचा घुमट ओतून झाला, खालचे लाकडी आधार काढले आणि सारा घुमट खाली आला. डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या बाया आणि गडी, अकरा जण मेले. आधार वेळेआधी काढले म्हणून बकाराम मिस्त्रीला दोन वर्षांची सजा झाली. तो तुरुंगातच तापाने गेला. केशोरावांनी त्यानंतर पुष्कळ इमारती बांधल्या, पण सगळ्यांची छपरं सपाट. घुमट एकही नाही.

"काल ते काही म्हणाले?"

"म्हणाले, सत्तावीस सालचं पान मी उद्या सभेत सांगेन, तू तिथेच लिहून घे." बाईंनी वही बाजूला सारली. "आठ दिवसांमागे एक म्हातारी आली होती, दवनीवाड्याची. बाबांनी दार लावून घेतलं. फक्त उदारामकाकांना आत बोलावलं."

उदाराम नकाशांच्या खोलीत बसला होता. पंचेचाळीस वर्षं केशोरावांचा ड्राफ्ट्समन. साहेब पेन्सिलीने मूळ नकाशा करत. उदाराम तो ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवी, आणि त्यावरून साइटसाठी निळ्या प्रती निघत. वय सत्तरीचं, गुडघे आखडलेले, बोटं मात्र अजून सरळ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

"मी वर गेलोच नाही हो कधी," तो म्हणाला. "साहेबांचे डोळे गेले त्याच साली माझे गुडघे गेले. एकोणीस पायऱ्या आहेत. साहेब वर, मी खाली, असा आमचा संसार."

"त्यांना धोका कळत नव्हता?"

"कळत होता. पण ऐकतो कोण? शेवटचं पाऊल पट्टी सोडून टाकायचे. रोज मरणाला शिवून यायचे." त्याने मान हलवली. "पट्टी लालसिंगच झाडायचा, लालसिंगच अंथरायचा. त्याला विचारा."

३

लालसिंग मडावी अंगणात चुलीपाशी बसला होता. साहेबांच्या अंघोळीचं पाणी अजून उकळत होतं, ते खाली उतरवायचं त्याला सुचलं नव्हतं. नागझिऱ्याच्या जंगलाकडचा माणूस, पन्नाशीला टेकलेला, सात वर्षं या घरात.

"पायपुसणं वर कोणी ठेवलं?" मनिरामने विचारलं.

"मले नाई मालूम. वर कधीच नव्हतं ते."

"साहेब पट्टी संपल्यावर थांबत होते ना?"

लालसिंगने घराकडे पाहिलं. बाई ऐकत नाहीत याची खात्री करून हळू बोलला.

"नाई जी. पट्टी सरली का एक पाऊल पुढं टाकत. गोट्यावर, उघड्या दगडावर, उभे राहत. म्हनत, लालसिंग, काथ्यावर उभं राहून तलाव नाई दिसत. आंधळ्या मानसाले का दिसन तलाव? पन म्हनत. अन् म्हनत, बाईले सांगू नको, बोंबलंन. म्या कोनालेच नाई सांगतलं."

"कोणालाच?"

"कोनालेच."

मागे फौजदार केव्हा येऊन उभे राहिले ते मनिरामला कळलं नाही. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.

"म्हणजे ते शेवटचं पाऊल एकट्या तुलाच माहीत होतं," ते म्हणाले. "आणि पट्टी तूच अंथरत होतास. बाजारघरात तुझं कोण मेलं होतं रे? गावात चौकशी केली मी."

लालसिंग उठून उभा राहिला.

"माय," तो म्हणाला. "फुलवंता तिचं नाव."

फौजदारांनी शिपायाला खूण केली. शिपायाने लालसिंगच्या मनगटाला दोर बांधला. लालसिंगने हात आखडला नाही. जाताना तो एवढंच म्हणाला, "पानी उतरवा जी, बाई. हंडा कोरडा होऊन राहिला."

४

दुपारी प्रेत उचललं. स्मशानातून माणसं परतत असताना घराच्या ओट्यावर एक बाई बसलेली दिसली. साठीची, उंच, कपाळ मोकळं. दवनीवाड्याहून पायी आली होती.

"माहा कागद द्या," ती प्रेमिलाबाईंना म्हणाली. "मानूस गेला ते आयकलं. पन कागद माहा हाये."

तिचं नाव रुख्मा. बकाराम मिस्त्रीची बायको. मनिरामने तिला कागदाबद्दल विचारलं तेव्हा तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"तू तोच ना," ती म्हणाली. "भंडाऱ्याच्या कोर्टात 'हो' म्हननारा."

प्रेमिलाबाई त्याच्याकडे पाहू लागल्या.

तीस वर्षांपूर्वी मनिराम बाजारघराच्या कामावर हजेरी लिहायला होता. वय एकवीस. कोर्टात त्याच्यासमोर केशोरावांचा मूळ नकाशा धरला गेला. घुमटाखालचे आधार अठ्ठावीस दिवस ठेवावेत, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. साइटवर हाच नकाशा होता ना, असं वकिलांनी विचारलं, आणि मनिराम 'हो' म्हणाला. साइटवर होती ती निळी प्रत. शेडच्या भिंतीला टांगलेली. तिच्यावरचा आकडा त्याने कधी वाचलाच नव्हता. पण वकील म्हणाले होते, नुसतं 'हो' म्हणायचं आहे, बाकी सगळं सिद्ध झालेलं आहे. पिंजऱ्यातून बकाराम ओरडत होता की माझ्या नकाशात अठरा होते, अठरा. ती प्रत कोणालाच सापडली नाही. आणि त्याच वर्षी केशोरावांच्या चिठ्ठीवर मनिराम बांधकाम खात्यात लागला.

"प्रती दोन होत्या," रुख्मा सांगू लागली. "एक शेडात, एक माह्या मानसाच्या थैल्यात. त्याईले कामावरूनच धरून नेलं. थैला गड्यानं घरी आनून देल्ला. म्या खोलला नाई. मानूस परत येईन अन् खोलीन, म्हनलं. मंग मानूस मेला, तरी नाई खोलला. औंदा भाच्याले करनी-ओळंबा पायजे होता, म्हनून खोलला. तं औजाराले हा निरा कागद गुंडाळला होता. इथं घेऊन आली. म्हनलं, सायेब, वाचून दाखवा, यात किती दिवस लिवलं हाये."

"मग?"

"सायेब तं आंधळे. त्याईनं त्या नकाशेवाल्याले बलावलं. त्यानं वाचलं, अठ्ठावीस." तिने पायावरची धूळ झटकली. "म्हंजे माहाच मानूस लबाड निंघाला. सायेब म्हनले, कागद आठ दिवस राहू द्या. म्या ठेवला. आता द्या."

घर धुंडाळलं. साहेबांची खोली, कपाट, पेटी, उशीखाली. निळा कागद कुठेच नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मनिराम गोंदियाला सत्कार समितीच्या खेमराजकडे गेला. खेमराज धानगिरणीचा मालक. बाजारघराचा ठेका त्याच्या बापाकडे होता, हे मनिराम विसरला नव्हता. जुनं प्रकरण उकरलं जाऊ नये असं वाटणाऱ्यांत तोही होता.

"मुझे क्या फरक पडता, भैया," खेमराज म्हणाला. "बाप गेला, ठेका गेला. सभेत काय बोलणार ते म्हाताऱ्याने मला आधीच कळवलं होतं. लपवलं कुठे?"

त्याने खणातून एक पत्र काढलं. पाहुणे म्हणून एखादा इंजिनियर बोलवावा, अशी विनंती होती. पुढे लिहिलं होतं: 'मी सभेत एक जुना निळा नकाशा त्यांच्या हाती देणार आहे. त्यावरचा आकडा त्यांनी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा. त्यानंतर मला एका माणसाचं नाव घ्यायचं आहे.' खाली केशोरावांची वेडीवाकडी सही. तारीख मरणाच्या पाच दिवस आधीची.

मजकुराचं अक्षर मात्र छापल्यासारखं. प्रत्येक अक्षराची उंची एकसारखी, शिरोरेघ पट्टीने ओढावी तशी. असं अक्षर मनिरामने एकाच माणसाचं पाहिलं होतं.

प्रश्न एवढाच होता: रुख्मा म्हणते तसा आकडा अठ्ठावीसच असेल, तर तो सभेत वाचून दाखवण्यात काय अर्थ? मूळ नकाशाही तेच सांगत होता. आणि अठ्ठावीस नसेल, तर ते एका आंधळ्या माणसाला सांगितलं कोणी?

खेमराजच्या गिरणीतून बाहेर पडल्यावर मनिराम रेल्वेच्या फाटकाशी थांबला. मालगाडी चालली होती. डब्यांवर खडूने लिहिलेले आकडे एकामागून एक पुढे सरकत होते. लालसिंग पूर्वी रेल्वेत कामाला होता, असं ऐकल्याचं त्याला आठवलं, आणि तो तिरोड्याच्या ठाण्याकडे निघाला.

६

कोठडीत लालसिंग भिंतीला टेकून बसला होता. रात्रीची भाकर तशीच पडली होती.

"लालसिंग, साहेबांकडे येण्याआधी तू कुठे होतास?"

"गोंदियाच्या यार्डात. डब्यावर लंबर टाकाचं काम."

"म्हणजे आकडे वाचता येतात तुला."

"आंग्रेजी आकडे तेवढे. अक्षर नाई येत."

"साहेबांनी तुला निळा कागद दाखवला होता?"

लालसिंगने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "सभा होयेपर्यंत तोंड बंद ठेव, म्हनले होते. आता सभा तं होतच नाई." त्याने तळहात पायांवर घासले. "म्हातारी गेली त्याच्या दुसऱ्या रोजी मले गच्चीवर घेऊन गेले. कागद देल्ला. म्हनले, या कोपऱ्यात आकडा हाये, तो सांग. म्या सांगतलं, एक अन् आठ. म्हनले, पहिला दोन नाई का? म्हनलं, नाई जी, एक हाये. तीन खेप वाचाले लावलं. मंग खालीच बसले. अन् मले माह्या मायचं नाव इचारलं. सात सालात पयल्यांदा."

"हे फौजदारांना का नाही सांगितलं?"

"कोनी इचारलंच नाई."

मनिराम गजांना धरून उभा राहिला. आंधळ्या माणसाने एकच आकडा दोन माणसांकडून वाचून घेतला होता, आणि दोघांची उत्तरं जुळली नव्हती. एकाने खोटं वाचलं. का वाचलं? कारण मुळातला तो आकडा ट्रेसिंगवर उतरवताना त्याच्याच हातून चुकला होता, दोनाचा एक झाला होता.

आणि मग त्याला आपल्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट आठवली. घुमट पडला त्या संध्याकाळी धुरळा अजून खाली बसला नव्हता, बाया छाती पिटत होत्या, आणि उदाराम सायकलवरून आला होता. सरळ शेडमध्ये शिरला. बाहेर आला तेव्हा बगलेत गुंडाळी होती. धुळीने नकाशे खराब होतील, असं म्हणाला होता. एकवीस वर्षांच्या मनिरामला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

"लालसिंग, एकच सांग. साहेब पट्टीबाहेर पाऊल टाकत, हे तू उदारामला कधी बोलला होतास?"

"नाई. देवाशपथ."

"शेवटचं पाऊल पट्टी सोडून टाकायचे." हे वाक्य उदारामच्या तोंडून मनिरामने ऐकलं होतं. जो माणूस दोन वर्षांत गच्चीवर गेलाच नाही असं सांगत होता, त्याच्या तोंडून.

७

फौजदारांना घेऊन मनिराम संध्याकाळ व्हायच्या आत बोदलकशाला पोचला. उदाराम टेबलाशी होता. प्रदर्शनातून परत आलेल्या नकाशांच्या काचा पुसून एकेक नकाशा मोठ्या पुठ्ठ्यांच्या कव्हरात ठेवत होता. प्रेमिलाबाईही आत आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या.

मनिरामने आवाज चढवला नाही. पट्टी, पायपुसणं, पत्र, लालसिंगने वाचलेला आकडा, हे सगळं त्याने ओळीने सांगितलं. शेवटी त्या पावलाबद्दल सांगितलं.

"ते पाऊल लालसिंगशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, उदारामजी. तुम्हाला ठाऊक होतं, म्हणजे तुम्ही वर जाऊन पाहिलं होतं."

उदाराम काच पुसत राहिला.

"लालसिंगला फाशी होईल," मनिराम म्हणाला. "त्याची माय तुमच्या आकड्याने गेली."

उदारामने फडकं खाली ठेवलं. सगळ्यात खालचं कव्हर ओढून उघडलं, आणि दोन नकाशांच्या मधून एक निळा कागद काढून टेबलावर पसरला. घड्यांशी पांढरा पडलेला, चुन्याचे डाग लागलेला. कोपऱ्यात, सुंदर वळणाचा, इंग्रजी आकडा होता: 18.

"जाळायचा होता," तो म्हणाला. "शेडातला जाळला होता तेव्हा. हा नाही जाळवला. तुम्ही बघा ना, काय रेघा आहेत. माझ्या हातून इतकं चांगलं काम पुन्हा झालं नाही. चूक यात एवढी एकच आहे."

भिंतीशी उभ्या प्रेमिलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"साहेबांना कळलं होतं?"

"त्यांनी ते पत्र मलाच लिहायला लावलं. माझ्याच हाताने. पत्र लिहून झाल्यावर म्हणाले, उदाराम, चूक कोणाच्याही हातून होते. ती मीसुद्धा तपासायला हवी होती. बकाराम कोर्टात 'अठरा' ओरडला तेव्हापासून मनात शंका होती, तीस वर्षं मी घुमट बांधला नाही तो म्हणूनच. पण त्या संध्याकाळी शेडातली प्रत उचलली ती तूच, दुसरं कोण? ती चूक नव्हती. सभेत मी तुझं नाव घेणार, आणि माझंही." त्याने आपली बोटं पाहिली. "पंचेचाळीस वर्षं माझं नाव एकाही इमारतीवर लागलं नाही. आणि लागणार ते असं."

"मग वर गेलात."

"तीन पहाटा जिन्यात बसून पाहिलं. परवा दुपारी सगळे झोपलेले, तेव्हा गेलो. एकेका पायरीवर बसत. पट्टी जड नव्हती." त्याने कागदाची घडी बोटाने सपाट केली. "माप घ्यायला मात्र वेळ लागला."

फौजदारांनी त्याला उठवलं. गुडघे सरळ होईनात, तेव्हा शिपायाने काखेत हात घातला. दाराशी उदाराम मागे वळून प्रेमिलाबाईंना म्हणाला, "बाई, तो कागद उन्हात ठेवू नका. निळा उडून जातो."

८

लालसिंग सुटला, पण त्या घरात परत गेला नाही. आपल्या जंगलाकडे निघून गेला. प्रेमिलाबाईंनी चरित्रात सत्तावीस सालचं पान लिहिलं, आणि त्यात वडिलांची बाजू घेतली नाही. समितीने पुस्तक छापायला नकार दिला. उदाराम खटला उभा राहायच्या आधीच कच्च्या कैदेत मेला.

मनिरामने एक अर्ज लिहिला. १९२७ च्या खटल्यात मी न पाहिलेल्या गोष्टीला 'हो' म्हटलं आणि त्या साक्षीवर एका निरपराध माणसाला सजा झाली, असं त्यात स्पष्ट लिहून खाली सही केली. एक प्रत भंडाऱ्याला पाठवली, एक आपल्या खात्याला. भंडाऱ्याहून काही आलं नाही. खात्याने महिन्याच्या आत त्याला निलंबित केलं. खोटी साक्ष दिल्याचं त्याने स्वतःच लिहून दिलं होतं, तेव्हा चौकशीलाही फारसं काही उरलं नाही.

मग तो दवनीवाड्याला गेला. अर्जाची तिसरी प्रत त्याने रुख्माला वाचून दाखवली. ती उपणलेल्या धानातले खडे वेचत होती. वाचून होईपर्यंत तिचा हात थांबला नाही.

"हे कागदावर हाये," ती म्हणाली. "कागद मले वाचता येत नाई. गावालेबी नाई येत. गावात त्याईले तीस साल खुनी म्हनत आले. तोंडानं सांग."

चावडीपुढे माणसं जमली. मनिराम उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. आकडा कोणाचा होता, प्रत कोणी पळवली, कोर्टात 'हो' कोण म्हणालं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तवा काऊन नाई बोलला?"

"नोकरी मिळणार होती," मनिराम म्हणाला.

दोघंतिघं उठून गेले. एकजण थुंकला, त्याच्या दिशेने नाही, पण थुंकला. मनिराम मान खाली घालून उभा राहिला. माणसं पांगली तेव्हा रुख्मा पदर खोचून त्याच्यासमोर आली.

"फुलवंताचं गाव जंगलापल्याड हाये," ती म्हणाली. "तिच्या घरचे अजून आमाले पानीबी इचारत नाई. अकरा मानसं मेली, सात गावची. उद्या पायटी निंघू. म्या रस्ता दाखवतो, तू सांगजो."

मनिरामने विचारलं, "सातही गावं?"

"सातही," रुख्मा म्हणाली आणि घराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो तिच्या दाराशी उभा होता.